घोड्याची आयाळ

ता. ३, सोमवार

चि. टिटवीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या कॉम्प्युटरचं खोकं आज सकाळी निघालं एकदाचं. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि जे येतं ते अख्ख्या घराला ऐकू जातं, म्हणून कागदच बरा. काकाने स्वतः बांधलं. मी म्हटलं चिकटपट्टी कमी पडतेय, तर म्हणाला आई तू बाजूला बस. मी बाजूला न बसता खोक्यावरच बसले, त्याने झाकण नीट दबलं. आत काही मोडलं असेल तर माझ्या वजनाने नाही, हे आधीच सांगते.

तू निवडलेला साधा पत्र्याचा डबा काकाला पसंत पडला नाही. त्याने पदरचे पैसे घालून काचेचा घेतला, आत दिवे. दुकानदाराने लावून दाखवले तेव्हा मी तिथेच टाळ्या वाजवल्या. लाल, निळा, जांभळा, परत लाल. माझ्या शिलाई मशीनला असले दिवे असते तर सुईत दोरा ओवायला चष्मा लागला नसता. तू लिहिलेलं ते चित्रांचं कार्ड मात्र दुकानात संपलंय म्हणे. पैसे तिथे जमा आहेत, माल आला की काका पाठवणार. तोवर कार्डाशिवायही चालतं म्हणाला. अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर त्याच्या हाताखाली, त्याला कळत असेल.

काकूने पडदे बदलले. रंग आजारी माणसाच्या जिभेसारखा आहे, पण मी छान म्हटलं. आणि तुझ्या चुलतभावाची, आपल्या ढब्बूची, तर मजाच चाललीय. काकाने रविवारी त्याचा कॉम्प्युटर उघडून काहीतरी खटपट केली. आधी त्याच्या खेळातला घोडा लंगड्यासारखा अडखळायचा. आता काय धावतो म्हणून सांगू. आयाळीचा केस न् केस वेगळा दिसतो, वाऱ्यावर उडतो. मी भाजी निवडायची सोडून तासभर बघत बसले.

वेळेवर जेव, आणि आजीवर जीव ठेव.
तुझी आजी


ता. ८, शनिवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. काही मोडलेलं नाही. मी दिवसभर बसून सगळं जोडलं आणि बटण दाबलं. दिवे लागले. लाल, निळा, जांभळा. पंखे फिरले. पडदा काळा. वायरी बदलल्या, शेजारच्या खोलीतून दुसरा पडदा मागून आणला, तोही काळा. सात रंग उधळणारा आंधळा डबा माझ्या टेबलावर बसलाय आजी, आणि त्याच्याकडे बघून मला तो भिंतीवर आपटावासा वाटतो.

काका म्हणाले कार्डाशिवाय चालतं. नाही चालत. तू दिलेल्या पैशात सगळं बसवायचं म्हणून मी तीन आठवडे एकेक भाग तोलून निवडला होता. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा मेंदू. तो मी मुद्दाम असा घेतला की ज्याला चित्र दाखवता येतच नाही. तो स्वस्त पडतो. वाचलेले सगळे पैसे कार्डावर घातले, कारण मला हलती चित्रं करायची आहेत आणि तो सगळा भार कार्डच उचलतं. डबा साधा, दिवे नको, हे यादीत दोनदा लिहिलं होतं. हे काकांना माहीत नसेल तर त्यांनी विचारायचं होतं. माहीत असेल तर ही लबाडी आहे.

आता तुझ्या पत्रातला घोडा. आजी, कार्डाशिवाय कुठल्याही घोड्याची आयाळ अशी उडत नाही. ढब्बूच्या डब्याची बाजू उघडून आत बघ. हाताएवढी लांब काळी पेटी, तिला दोन पंखे, कडेला पांढरा पट्टा. तेच असेल तर ते माझं आहे. काकांना सांग, वीज बंद करून काढायचं: मागचे दोन स्क्रू, एक वायर, आणि खाचेची कडी दाबली की सुटतं. त्यांना पाच मिनिटं लागतील.

या महिन्याच्या अठ्ठावीसला मला एक मिनिटाची फिल्म द्यायची आहे. आवडली तर कार्टून करणाऱ्या कंपनीत नोकरी. नाही दिली तर औषधांच्या खोक्यांवर ‘थंड जागी ठेवा’ ही अक्षरं बसवत मी म्हातारी होईन. म्हातारी होण्याला माझी हरकत नाही, तू म्हातारी बरी झाली आहेस. हरकत आहे ती खोक्यांना.

रागात लिहिलंय, तुझ्यावर नाही.
टिटवी


ता. १३, गुरुवार

चि. टिटवीस आशीर्वाद. 

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. बरी झाली आहेस म्हणजे काय? मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि तेव्हापासून जो राग चढलाय तो उतरायला तयार नाही. सकाळी पोळ्या लाटताना काकू म्हणाली, आई, पोळपाट काय पाप करून बसलाय?

बघितलं मी. काळी पेटी, दोन पंखे, पांढरा पट्टा. ढब्बू कॉलेजात गेला होता. दुकानातून मीच तर ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते, आणि मला वाटलं ढब्बूसाठी काकाने वेगळी घेतली. नातवंडाला काही मिळालं की मी नाचते, कुणाच्या ताटातलं मिळालं ते विचारत नाही.

जेवताना काकाला विचारलं. आधी म्हणाला ऑफिसातलं जुनं आहे. मी म्हटलं पट्टा पांढरा कसा मग, ऑफिसात धुतात का? तेव्हा पानातून मान वर न करता म्हणाला, “तिला काय आई, चित्रंच तर काढायची आहेत. वहीत काढेल. ढब्बूचं डोकं निदान या खेळात तरी लागतंय. आणि डबा दिला ना मी चांगला, माझ्या खिशातून.” ढब्बू चेहरा पाडून बसला. त्याला ठाऊक नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. काकू आमटी वाढायला उठली ती परत आलीच नाही.

मी एक शब्द बोलले नाही. तू मला ओळखतेस, मी बोलत असते तोवर घाबरायचं कारण नसतं.

आज दुपारी सगळे बाहेर गेल्यावर शिलाई मशीनचा पेचकस घेऊन बसले. आयुष्यभर मशीन खोलून तेल घातलंय, स्क्रू म्हणजे स्क्रू. आधी वीज बंद केली, प्लग काढून कमरेला खोचला. दोन स्क्रू निघाले, वायर निघाली. पण कडी म्हणालीस तर तिथे कड्या चारपाच. ज्या ज्या दबल्या त्या सगळ्या दाबल्या. त्यामुळे जे जे सुटून हातात आलं ते ते पाठवत आहे, त्यातलं तुझं काय ते तू बघ. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलंय. लुगडं परत नको.

डब्याची बाजू परत लावली, वर रुमाल घातला. अजून कुणाला कळलेलं नाही. संध्याकाळी ढब्बू खेळायला बसेल तेव्हा मी गच्चीत असेन.

पेचकस पुसून मशीनच्या खणात परत ठेवलाय.
आजी


ता. १८, मंगळवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

लागलं. पडदा उजळला तेव्हा मी एवढी ओरडले की मालकीणबाई वर आल्या. आता फिल्म चालू आहे, जेवण उभ्याने, जेवते हे मात्र खरं.

पण आजी, तू हे काय केलंस? लुगड्यात कार्डाबरोबर दोन लांब हिरव्या पट्ट्या आहेत. ती ढब्बूच्या कॉम्प्युटरची मेमरी. त्यांच्याशिवाय त्याचा घोडा सोड, त्याचा डबा सुरूच होत नाही. काकांचा फोन आला होता. ऑफिसातून बोलत होते म्हणून हळू आवाजात ओरडले. घरात चोरी झाली म्हणाले, म्हातारीला तू चढवलंस म्हणाले. मी म्हटलं चोरी झालीच आहे काका, वारही सांगते, रविवार. मग त्यांनी फोन ठेवला.

मला अजूनही एवढा राग आहे की त्यांची माफीसुद्धा नको वाटते. आणि खरं सांगू? माझ्या बोर्डावर दोन खाचा रिकाम्या आहेत. पट्ट्या तिथे नेमक्या बसतात. लावल्या तर फिल्म निम्म्या वेळात होईल. मी लावल्या नाहीत. अजून तरी नाही. त्या ढब्बूच्या आहेत, आणि मी काका नाही. तू सांगशील तेव्हा पाठवते.

तुझ्या पेचकसाला नमस्कार.
टिटवी


ता. २२, शनिवार

चि. टिटवी हिस आशीर्वाद. 

पत्र लिहिण्यास कारण की, ढब्बूच्या मेमरीच्या दोन पट्ट्या तुझ्याकडे आल्या आहेत. त्या परत मिळाव्यात ही विनंती. कार्ड दुकानात संपले असे मी कळवले होते. ते संपले नव्हते. ते तुझे होते आणि मी ढब्बूला लावले. तुझे काम म्हणजे वहीत काढायची चित्रे असे मी म्हणालो, तेही न विचारता म्हणालो. सदर पत्र मी आईसमोर बसून लिहीत आहे. आधीचे दोन कागद तिने फाडले, कारण त्यांत ‘गैरसमज’ हा शब्द होता.

कळावे,
काका

टिटवी, खालची जागा मी मागून घेतली. काका समोरच आहे, हात चोळत. ‘न विचारता’ हे दोन शब्द मी सांगितलेले नाहीत, त्याचे त्यानेच लिहिले, म्हणून हा कागद फाडला नाही. राग माझा गेलेला नाही, पण आता त्याच्या ताटात परत तूप वाढते.

ढब्बूला मी तुझ्या खाचांचं सांगितलं. तो म्हणाला लावू दे तिला, फिल्म झाली की आधी मला दाखवायची एवढंच. म्हणजे त्याने विचारल्यावर दिलं, बघ, घरात कुणाला तरी येतं. तेव्हा पट्ट्या लाव, अठ्ठावीस तारीख गाठ, मग परत पाठव.

घोडा तोवर चरू दे.
आजी