टेम्पररी की पर्मनंट

प्रिय लांब्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस, आवाज असा का येतोय म्हणून. सर्दी नाही झालेली. सकाळपासून एका जागी बूड टेकलेलं नाही, एवढंच. हे पत्रही कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्यानेच लिहितेय.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, जीभ जड आहे, चिडचिड मात्र ठणठणीत. ते आजारी पडल्यापासून स्प्रिंगांचा कारखाना बंदच होता. मागच्या आठवड्यात मामा म्हणाला, गिऱ्हाइकांना किती झुलवणार, तुझं इंग्रजी चांगलं आहे, बंद केल्याचं कळवून टाक. मला वाटलं, चार ओळींचं काम. पण 'क्लोजर'च्या आधी विशेषण कुठलं लावायचं, तिथेच गाडं अडलं. मामा म्हणाला, 'पर्मनंट' लिही, एक घाव दोन तुकडे. मी 'इनडेफिनिट' लिहिलं. माझ्या ऑफिसात नकोसं झालेलं सगळं आम्ही याच शब्दाखाली ढकलतो; कुणी दुखावत नाही, कुणाला काही कळतही नाही. मग वाटलं, हे वाचून गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधेल. खोडलं. बाबांना विचारायला गेले, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी 'टेम्पररी' लिहिलं आणि धीर सुटायच्या आत मेल पाठवून दिली.

मामा भडकला. फोरमनकाका मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, टेम्पररी म्हणजे कधीपर्यंत? तसं पोरांना सांगतो." दवाखान्यांचे पलंग बनवणाऱ्या गिऱ्हाइकानेही उलट मेलवर नेमकं तेच विचारलं. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारून आईला चक्कर आणली मी. मग दोघांनाही एकच उत्तर दिलं: सोमवारपर्यंत.

आज सोमवार. भट्टी पेटली. पहिल्या स्प्रिंगा वाकड्या निघाल्या, फोरमनकाकांनी बाजूला टाकल्या. आई सांगत होती, मशीन सुरू झाल्यावर बाबांनी कारखान्याकडची खिडकी उघडायची खूण केली.

आता खरं सांगते. तू तिकडे आपल्यासाठी घर बघितलंस, पडद्यांचा रंगही विचारलास, आणि मी दर वेळी 'येतेच' म्हणत राहिले. मी येत नाही. सकाळीच नोकरीचा राजीनामा पाठवला. ते घर घेऊ नकोस, निदान माझ्यासाठी नको. तू इकडे येशील का, हे विचारायचा मला हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारते. फोनवर हे बोलले असते तर तू 'बघू' म्हणाला असतास, आणि मीही 'बघू' म्हणून सुटले असते. म्हणून लिहिलं. तूही लिहूनच कळव.

तुझीच,
ठेंगू