दादाचं ‘नाही’

लेंबाटा, १८ एप्रिल

प्रिय कोसमास,

बेनेताईचे आशीर्वाद. आम्ही सुखरूप आहोत, तूही असशील. अशी सुरुवात करायची असते म्हणून केली.

फोन न करता पत्र का लिहितेय, तर इथे रेंज फक्त चर्चमागच्या टेकडीवर मिळते आणि तिथे बोललेलं अख्ख्या गावाला ऐकू जातं. शिवाय फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस. सिस्टर मार्था उद्या कुपांगला निघाल्यात, तू शिकवतोस त्या शाळेत त्या पत्र आणून देतील.

आईचा गुडघा दुखतोय. तरी परवा डोंगरावरच्या बाजारात गेलीच. देवमाशाचं वाळवलेलं मांस देऊन मका आणला. मांस दादाच्या शेवटच्या शिकारीचं आहे हे तिने त्या बायकांना सांगितलं नाही. मका मात्र भांडून दोन मुठी जास्त घेतला. रात्री तो भाजताना तव्यावरून दाणे उचलायला कोणी नव्हतं. दादा बोटं पोळून घ्यायचा, पण निवायची वाट बघायचा नाही.

शिकारीचा हंगाम उघडताना चर्चमध्ये मिस्सा होते, त्याआधी दादाचा शंख पुरायचा आहे. देह समुद्राने ठेवून घेतला की आपण शंखच पुरतो, तुला ठाऊक आहे. बाबांच्या शेजारची जागा साफ केली आहे. दोघांचेही शंखच.

गावात काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असणार. म्हणून तर मागच्या फोनवर तू विचारलंस, “ताई, माझ्यामुळे का?” आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवलास. घरात भांडण न मिटवता भाला घेऊन नावेच्या टोकावर उभं राहिलं तर समुद्र सोडत नाही, असं आपण मानतो. दादाचा पाय दोरीत अडकला आणि देवमाशाने त्याला खाली नेलं, तेव्हापासून सगळे कारण शोधत होते. तुमचं दोघा भावांचं भांडण त्यांना आयतंच सापडलं. आता नाव चालवणारे पेत्रूस काका आणि बाकीचे म्हणतात, कोसमासने यावं, शंखासमोर क्षमा मागावी आणि भावाचा भाला उचलावा. तुला बोलावून घ्यायला त्यांनी मलाच सांगितलं.

आता खरं लिहिते. किती दिवस हातून लिहवतच नव्हतं.

किनाऱ्यावर सगळ्यांदेखत दादा तुला म्हणाला, “तुझे हात मास्तरचे आहेत. माझ्या नावेला लावू नकोस.” तू रागाने गेलास. गेल्या हंगामाआधी मी त्याच्या मागे लागले, “दादा, मिटव रे. असा टोकावर उभा राहू नकोस.” तो शिडाला ठिगळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, “मिटवलं तर तो परत येईल. आला की काका त्याच्या हातात भाला देतील. राहू दे त्याला रागावलेला. जिवंत तर राहील.”

नाव लोटण्यापूर्वी काका प्रत्येकाला विचारतात, घरात काही भांडण आहे का? दादा दर वेळी ‘नाही’ म्हणाला. आणि भांडण ठेवून गेलं तर समुद्र सोडत नाही, हे तो मनापासून मानायचा, कोसमास. पहाटे नावेच्या छपरामागे जाऊन ओकायचा आणि चूळ भरून, हसत सगळ्यांत येऊन उभा राहायचा. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दादाने नावेतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात घातला असं झालं असतं. तुला सोडवायचं तर मेलेल्या भावाला दोष लागतो, आणि त्याला जपायचं तर तुला. मला झोप लागत नाही.

आज दुपारी जाऊन पेत्रूस काकांना सांगून टाकलं. त्यांनी ताडीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “‘नाही’ म्हणताना पोरगा माझ्याकडे बघायचा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं. पण त्याच्यासारखा भालेवाला दुसरा कोण होता आमच्याकडे?”

मी म्हटलं, “मग आता क्षमा कोणी मागायची, काका?”

“तोंड फार चालतं तुझं, बेने,” म्हणाले, आणि डोळे पुसले. पण मी निघाले तेव्हा मागून हाक मारलीच, “कोसमास येतोय ना? नावेचं टोक रिकामं आहे.”

म्हणजे ते तुला विचारणारच. रागाने नाही, रडून विचारतील, आणि ते जास्त कठीण जाईल. आईसुद्धा त्यांना अडवणार नाही. मला तुझीच भीती वाटते. तुझ्यामुळे तो गेला असं समजून तू भाला उचलशील. कोसमास, जे केलं ते त्याने जाणूनबुजून, तुझ्यासाठी, भीत भीत केलं. मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं धाडस तेच. ते तुझा गुन्हा म्हणून मिरवू नकोस, ते त्याचं आहे.

निरोप द्यायला येणार असशील तर पहिल्या बोटीने ये, मी धक्क्यावर असेन. त्याच्या जागी उभं राहायला येणार असशील तर येऊ नकोस. आलास तर मीही तुला दादासारखीच सगळ्यांदेखत हाकलून देईन.

तुझी, आता एकटीच थोरली,
बेनेताई