वन्संच्या आवाजाची सीडी

४ फेब्रुवारी
ठरलं. अठराला वन्संचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. ऑपरेशननंतर नणंदबाईंचा घसा बसला तो बसलाच, गाणं सुटलं. त्यांच्या तरुणपणीच्या गाण्यांची कॅसेट मी कॉम्प्युटरमध्ये उतरवली आहे. आता सीडी करून सगळ्यांसमोर त्यांच्याच प्लेअरवर लावणार. हे म्हणाले, दुकानातून करून आणू का. म्हटलं, मी अजून जिवंत आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी
सीडी लिहायचा प्रोग्रॅम मिळाला. ओपन सोर्स. म्हणजे फुकट, आणि आत काय आहे ते कोणीही बघावं. माझा स्वभावही तसाच.
त्यात ‘सिम्युलेट’ असा चौकोन आहे. आधी तालीम करायची सोय. लगेच टिक केली. शाळेत सिस्टर सांगायच्या, तालमीशिवाय स्टेजवर पाय ठेवायचा नाही. हल्ली हे वळण कुणाला आहे?

दुपारी
सीडी झाली! स्क्रीनवर ‘सक्सेसफुल’ आलं. एवढी वर्षं नोकरी केली, साहेबाने एकदाही असं लिहून दिलं नाही. स्वयंपाकघरात गिरकी घेतली. गुडघ्याने निषेध नोंदवला.

७ फेब्रुवारी
आमचा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो. डिस्क पोटात घेऊन बसलाय आणि नाही म्हणतो. प्लेअर ह्यांनी निवडलेला.

१० फेब्रुवारी
आणखी तीन केल्या. तिन्ही सक्सेसफुल. प्लेअरचं तेच तुणतुणं. डिस्कांवर आता चहाचे कप ठेवतो. ह्यांनी एक उजेडात धरली आणि म्हणाले, कोरीच दिसते. चष्मा पुसा म्हटलं.

१२ फेब्रुवारी
प्रोग्रॅमच्या फोरमवर सडेतोड तक्रार लिहिली. कुणा परक्याने उलट विचारलं, सिम्युलेटची टिक काढली का. त्याच्या इंग्लिशमधल्या चार चुका सुधारून परत पाठवल्या.

१७ फेब्रुवारी
निष्कर्ष: आमचा प्लेअर कामातून गेला. वन्संचा ठणठणीत आहे. पाचवी सीडी केली, रिबन बांधली. हे म्हणाले, दुसरीकडे कुठे तरी लावून बघू. कशाला? स्क्रीनवर लिहून आलंय.

१९ फेब्रुवारी
काल वन्संकडे आधी मी चार शब्द बोलले. हे म्हणतात, चारशे. सगळे सरसावून बसले. वन्संनी चष्मा काढून डोळे मिटले. मी बटण दाबलं.
काही नाही. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला, तेवढाच.
वन्संनी एक डोळा उघडला आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, “वहिनी, तुझ्याकडून आलेली एवढी शांत गोष्ट पहिलीच.”
अख्खी खोली हसली. सगळ्यांत जास्त त्याच. मग डोळे पुसत हळूच मला म्हणाल्या, “पण आहे ना गं माझा आवाज तुझ्याकडे?”
आहे म्हटलं. रविवारी आणते म्हटलं.
घरी आल्यावर ह्यांनी स्क्रीनवरच्या टिकेवर बोट ठेवलं. ती असेपर्यंत यंत्र नुसतं लिहिल्याचं सोंग करतं, डिस्कवर काहीच उमटत नाही. म्हणजे चहाचे डाग सोडले तर पाचही डिस्का नव्याकोऱ्या आहेत. एकही वाया घालवली नाही, याचं कौतुक कुणाला नाही.
असो. आज टिक काढून खरीखुरी करणार.
आधी फक्त एकदा तालीम करून घेते.