जांभळी खूण

३ मार्च, सोमवार
रविवारी सासरे येणार. गाडी मूळची त्यांची, आता आमच्याकडे असते. माझ्याबद्दल ते आजवर एकदाच बोललेत: जावईबापूंच्या हातात पाना देऊ नका. तेव्हा सगळे हसले होते. मीही.
टायमिंग बेल्ट स्वतः बदलणार. इंजिनची वरची आणि खालची पुली एका तालात फिरवणारा दात्यांचा पट्टा, एवढंच ते. व्हिडिओ पाहिला. अर्धा. उरलेलं ओघाने येतंच.
रविवारी सहज म्हणायचं: मीच केलं.

४ मार्च
पुलीवर बेल्ट जुळवायच्या कंपनीच्या खुणा आहेत, पण पुसट. पुसट गोष्टींवर माझा विश्वास नाही. बायकोच्या जांभळ्या नेलपॉलिशने ठळक खुणा केल्या. तिला विचारलं नाही. कामाच्या वेळी चर्चा नको.

५ मार्च, सकाळी
जुना बेल्ट काढला. आत कमालीची घाण. थिनरने सगळं लख्ख पुसलं. सासऱ्यांनी हे इंजिन नवं असतानाही असं पाहिलं नसेल.

५ मार्च, दुपारी
माझ्या खुणाही पुसल्या गेल्या. कंपनीच्या आता स्वच्छ दिसतात, पण माझ्या आठवणीशी जुळत नाहीत. कंपनीची चूक असावी. आठवणीने पुन्हा जांभळ्या खुणा केल्या, नवा बेल्ट चढवला. उजव्या अंगठ्याच्या नखालाही रंग लागला. थिनर संपलंय.

६ मार्च
गाडी सुरू झाली. आवाज बदललाय. भारदस्त. मधूनच फट् होतं. बायको दचकली. म्हटलं, नवा बेल्ट रुळायला वेळ लागतो. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखव. म्हटलं, रविवारनंतर दाखवीन. त्यालाही शिकायला मिळेल.

७ मार्च
सपाटीवर उत्तम. घराच्या चढावर मात्र निम्म्यात मान टाकते. पेट्रोलमध्ये भेसळ.

८ मार्च
शोध लागला. रिव्हर्समध्ये चढते. रिव्हर्स हा सगळ्यात ताकदीचा गिअर, लोक त्याचा उपयोगच करत नाहीत. पूर्ण चढ उलटा चढलो. मेकॅनिक दारात चहा पीत उभा होता. म्हणाला, साहेब, येताय की जाताय? मान अवघडली होती, नुसता हॉर्न वाजवला.
बायको म्हणाली, बाबांना टॅक्सीने येऊ दे. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. ती म्हणाली, प्रश्न विश्वासाचा नाही, चढाचा आहे.
आरशासमोर ‘मीच केलं’ म्हणून पाहिलं. जरा गर्विष्ठ वाटलं. पुन्हा म्हटलं. जमलं.

९ मार्च, रविवार
सासऱ्यांना स्टेशनवरून घेतलं. चढाच्या पायथ्याशी गाडी वळवली आणि उलटी चढवली. ते खालचा रस्ता लांब लांब जाताना बघत बसले. मध्येच फट् झालं. त्यांनी बॅग पोटाशी धरली. मेकॅनिकने सलाम केला.
वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, इंजिनला हात कुणी लावला?
हीच ती वेळ. मी म्हणालो, मेकॅनिकने.
सासरे तडक खाली गेले आणि मेकॅनिकला घेऊनच आले. त्याने कव्हर उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, काका, एक दाता चुकलाय. पण आमच्याकडे नेलपॉलिश वापरत नाहीत.
सासऱ्यांनी जांभळी खूण पाहिली. मग मुलीची नखं पाहिली. मी अंगठा खिशात घातला.
बायको माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीच्या गजांकडे. शेवटी ती म्हणाली, हो बाबा, मीच केलं.
सासऱ्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, अगं, पहिल्या खेपेला एकच दाता चुकला म्हणजे काहीच नाही. आणि काम किती स्वच्छ.
मेकॅनिक म्हणाला, हो, स्वच्छ आहे.

१० मार्च
सकाळपासून बापलेक बॉनेटमध्ये डोकं घालून आहेत. कंपनीच्या खुणा बरोबर निघाल्या. बायकोने आतूनच हाक मारली, पाना दे. घेऊन गेलो. सासरे म्हणाले, जावईबापू, तिथेच ठेवा. ती घेईल.
ठेवला. डाव्या हाताने. उजवा अजून खिशात आहे.