घोंगडीची बंडी

२४ नोव्हेंबर
ह्यांना मंठ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. न्युमोनिया उतरला म्हणे. डॉ. म्हणले, छाती ऊबदार ठेवा, कोरडी ठेवा, ओलं अंगावर वाळू देऊ नका. हे मान डोलवत होते, ध्यान सगळं मेंढरांकडं. धाकटे भाऊजी, भानुदास, हे आजारी पडले तवापासून मेंढरं सांभाळून राह्यले. घरी उतरल्याबरोबर हे आधी मेंढरांत गेले, मंग चहा.

२७ नोव्हेंबर
ऐकलं न्हाईच. दिवस उगवायला घोंगडी घेऊन मेंढरांमागं गेले. दुपारी आले तर घोंगडी न्हाई. "दवानं भिजली. वजन पेलंना. बाभळीवर टाकली." नुसत्या सदऱ्यावर आले, ओठ काळे पडलेले. भिजली तरी ऊब सोडत न्हाई म्हणून हीच घोंगडी घेऊन पावसात बसायचे. आता खांद्यात जीव न्हाई.

३० नोव्हेंबर
विकासनं पुण्याहून जॅकेट पाठवलं. फोनवर, "आई, ह्यातून वारं शिरत न्हाई, पाणी बी न्हाई. आबांना म्हणावं घोंगडीचा नाद सोडा." हातात घेतलं तर वजनच न्हाई. ह्यांनी घालून आरशात बघितलं. "सायबावाणी दिसून राह्यलो का?" लय दिवसांनी हसले. हसता हसता खोकल्याची ढास लागली.

१ डिसेंबर
मेंढरं बुजली. जॅकेट चालताना खसखस वाजतं. ह्यांनी हात वर केला की कळप पांगायचा. संध्याकाळपर्यंत एकच, "मला ओळखीनात गं."
अंग पुसायला घेतलं तर बनियन ओलंचिंब. वारं आत येत न्हाई, पण घाम बी बाहेर जात न्हाई. सुती बनियन तो धरून बसतं. पाठ हाताला गारगार लागली. डॉ. नी नेमकं हेच नको म्हणलं होतं.

४ डिसेंबर
अंगणवाडी उरकून मंठ्याला गेले. कपड्याच्या दुकानात लोकरीचं बिनबाह्याचं काही मागितलं, जॅकेटवर घालायला, आवाज दबेल म्हणून. दाखवलं ते सगळं नकली सुताचं. दुकानदार म्हणला, "ताई, खरी लोकर आता कोण घेतं?"
खरंय. आमच्याच मेंढरांची लोकर कातरून उकिरड्यावर टाकतो, फुकट बी कोणी नेत न्हाई. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या हातातली लोकर कातायची टकळी थांबायची न्हाई. बस स्टँडवर रडू आलं. उगंच.

६ डिसेंबर
ह्यांच्या अंगात कणकण. भाऊजींनी बाभळीवरून आणून ठेवलेली घोंगडी संध्याकाळी ह्यांनीच माझ्यापुढं टाकली.
"काप."
मी म्हणलं, सासूबाईंच्या हातचं सूत हाय ते. आपल्या मेंढरांचं.
"ठाव हाय मला. बंडी कर. अख्खी आता पेलत न्हाई."
कात्री चालेना, जाड पडलं. माझे हात बी चालेनात. मंग ह्यांनी एक टोक ताणून धरलं आन् दुसरीकडं बघत बसले.

९ डिसेंबर
बंडी झाली. आतून विकासचा जुना खेळायचा टीशर्ट, घाम धरत न्हाई तो. त्यावर जॅकेट. वरून बंडी. आवाज दबला, लोकरीचा वास बी ओळखीचा. मेंढरं जवळ आली. एक कोकरू तर बंडीचा काठ चघळून राह्यलं होतं, ह्यांनी चघळू दिलं.
पाठीला हात घालून बघितला. कोरडी. परत बघितला. आज बरं वाटलं, इतकंच.

१७ डिसेंबर
कपड्याचं बराबर जमलं, पण दम पुरत न्हाई. ओढ्याची चढण चढताना खालीच बसले. भाऊजींनी मेंढरं वळवून आणली. अंगणात येऊन म्हणले, "वहिनी, दादाला आता होणार न्हाई हे." ह्यांनी ऐकलं. ताटातली भाकर तशीच.

२१ डिसेंबर
मेंढरं भाऊजींकडं गेली. ह्यांनीच सांगितलं, ने म्हणून. नेताना दाराकडं पाठ करून बसले. गलका लांब जाईपर्यंत हलले न्हाईत. मंग म्हणले, "गारठा लय हाय आज." अंगावर सगळं होतं. दारातून ऊन आत आलेलं. मी अजून काय घालणार अंगावर? जवळ जाऊन बसले.

२३ डिसेंबर
उद्या संभाजीनगर. मंठ्याला काढलेल्या एक्सरेच्या फोटोत छातीत अजून कायतरी दिसून राह्यलंय, डॉ. म्हणले तिथं मोठी तपासणी करा. विकास पुण्याहून परस्पर येतोय.
पिशवी भरताना ह्यांनी विचारलं, "किती दिस लागतील?"
"परवा माघारी येऊ की."
"बराबर?"
"बराबर."
दोनच सदरे काढले होते. हे हात धुवायला बाहेर गेले तेव्हा अजून दोन ठेवले, खाली, दिसणार न्हाईत असे.