एकदाच घ्या, कायमचं वापरा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९:४०

आजपासून धंद्याकडे धंदा म्हणून बघायचं. ‘पायवाट’ एकरकमी विकणं बंद. यापुढे मासिक वर्गणी.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी नीट लिहून ठेवतो, उद्या कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा चुकायला नकोत. ‘पायवाट’ हे गेम बनवणाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर. गेममधली जमीन त्यात तयार होते. रस्ते, भिंती, दारं, झाडं माउसने मांडायची की खेळणारा त्यातून चालू लागतो. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी एकट्याने बनवलं. आजवर २१४ जणांनी घेतलं. एकदा पैसे भरले आणि मोकळे झाले. मी मात्र सहा वर्षं त्यांच्या शंका सोडवत बसलोय. एकदा जेवणाचे पैसे दिले म्हणून कोणी जन्मभर वाढतं का?

हेड ऑफिस: बायकोच्या दातांच्या दवाखान्यामागची खोली. डावीकडे कॉम्प्रेसर. उजवीकडे रॅकवर पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. मध्ये माझं टेबल. सोय तात्पुरती आहे. चार वर्षं झाली.

दुपारी २:००

डबा खाताना बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, अरे पण वेबसाइटवर तूच मोठ्या अक्षरांत लिहिलंयस ना, एकदाच घ्या, कायमचं वापरा? मी समजावलं की सॉफ्टवेअरमध्ये ‘कायमचं’ हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने वापरतात. ती म्हणाली, वेगळ्या म्हणजे कोणत्या? तेवढ्यात तिचा पेशंट आला. बरं झालं.

गुरुवार, ६ मार्च

ग्राहकांना पाठवायचं पत्र तयार. विषय: ‘आनंदाची बातमी!’ वर्गणी म्हणजे सिनेमाच्या एका तिकिटाएवढी, हे वाक्य छान जमलंय.

काउंटरवरच्या काकूंना वाचायला दिलं. काकू दवाखान्याचे फोन घेतात. वेबसाइटवर नंबर तोच असल्यामुळे माझेही घेतात. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, दादा, यात आनंद कोणाला झालाय? मी म्हणालो, सगळ्यांनाच. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. आणि पत्र माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. का, ते कळलं नाही.

शनिवार, ८ मार्च. ११:१५

महत्त्वाचं काम झालं. आता जुनी प्रत सुरू केली की ती आपोआप नवी होणार, आणि वर्गणी भरल्याशिवाय एकही फाइल उघडणार नाही. आधी केलेल्यासुद्धा.

जुन्या ग्राहकांनी तर पूर्ण पैसे दिलेत, त्यांचं काय, हा प्रश्न मनात आला होता. त्याला पाच मिनिटं दिली. त्यांना पहिल्या महिन्यात दहा टक्के सूट. विषय संपला.

याला कुलूप म्हणायचं नाही. स्क्रीनवर हसरा चेहरा ठेवलाय आणि खाली लिहिलंय, ‘आपलीच वाट बघतोय!’

सोमवार, १० मार्च

११:०० नवी आवृत्ती सोडली.

११:०४ पहिला वर्गणीदार आला!! चार मिनिटांत! बायको एकाची दाढ काढत होती, तरी दारातून ओरडून सांगितलं.

११:३० तो मीच. शनिवारी टेस्टिंगसाठी माझं कार्ड टाकलं होतं.

४:०० एक्केचाळीस मेल. उघडले नाहीत. सुरुवातीला लोक चिडतातच, असं मी बघतो त्या धंद्याच्या व्हिडिओतल्या तज्ज्ञाने आधीच सांगितलंय. उलट, एवढे लोक अजून ‘पायवाट’ वापरतात हे आजच कळलं. ही जमेची बाजू.

बुधवार, १२ मार्च

सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: ‘तांत्रिक कारणांमुळे जुनी पद्धत चालू ठेवणं शक्य नाही.’ भारदस्त वाक्य आहे. एका कॉलेजातल्या मुलीने उलट विचारलं, तांत्रिक कारण नक्की कोणतं? काही लोकांना वेळच वेळ असतो.

वर्गणीदार: तीन. मला धरून.

शुक्रवार, १४ मार्च

काकूंनी अपॉइंटमेंटच्या कार्डावर निरोप लिहून आणला. ‘भूगोलाचे सर, रिटायर्ड. तीनदा फोन. नकाशा उघडत नाही. बायकोसाठी हवाय. घाई आहे.’ मी म्हणालो, मेल करायला सांगा. त्या म्हणाल्या, केलाय म्हणे, तुमचं तांत्रिक कारण आलंय त्यांना. मी म्हणालो, मग झालं तर.

त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, दादा, एक मिनिट फोनवर बोललात तर काय होईल? मी म्हणालो, एकाशी बोललं की दोनशे चौदा जणांशी बोलावं लागतं. वाक्य चांगलं होतं. म्हणताना मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीनवर काही नव्हतं.

सोमवार, १७ मार्च. दुपारी १:३०

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

साडेदहाला काकू आत आल्या. ते सर स्वतः आलेत, बाहेर बसलेत. वेबसाइटवर हेड ऑफिस म्हणून दवाखान्याचाच पत्ता आहे. मी म्हणालो, मी नाही म्हणून सांगा. काकू बाहेर जाऊन खूप सावकाश म्हणाल्या, साहेब नाहीयेत म्हणे. ते ‘म्हणे’ टाळता आलं असतं.

सर म्हणाले, हरकत नाही, मी बसतो.

आणि बसले. मी स्क्रीन बंद केला, खुर्ची वाजू नये म्हणून उभा राहिलो. मधली भिंत प्लायवूडची आहे. अकरा वाजले. साडेअकरा. एका रडणाऱ्या मुलीला सर गोष्ट सांगत होते, नदी समुद्राकडेच का जाते त्याची. मुलगी गप्प झाली. मीही ऐकत होतो.

सव्वाबाराला बाकीचे पेशंट संपले. बायकोला वाटलं हा शेवटचा. तिने आत बोलावलं, खुर्चीत बसा म्हणाली. सर बसले. जन्मभर शिस्त लावलेला माणूस, डॉक्टरांनी आ करा म्हटल्यावर आ केला. तिने उजवीकडची दाढ किडलीय म्हणून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, असेल हो, पण मी त्यासाठी आलेलो नाही.

मग तोंडात कापूस असतानाच त्यांनी तिला सगळं सांगितलं. शब्द नीट येत नव्हते, पण मला एकही चुकला नाही.

मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांच्या बायकोला रस्ते लक्षात राहत नाहीत. माणसं, नावं, हिशोब, सगळं लक्षात आहे. रस्ते नाहीत. बाहेर पडायची भीती बसली. सरांनी ‘पायवाट’ घेतलं, वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकले, आणि चार महिने खपून आपली गल्ली त्यात बनवली. घर, औषधांचं दुकान, निळं फाटक, पुढे धाकट्या मेहुणीचं घर. रोज सकाळी त्या आधी कॉम्प्युटरवर हा रस्ता चालायच्या, मग खरोखरचा. गेल्या महिन्यापासून एकट्या जात होत्या. मागच्या सोमवारी फाइल उघडेना. स्क्रीनवर हसरा चेहरा आला. शनिवारी त्या तशाच निघाल्या आणि दुसऱ्या वळणावर उभ्या राहिल्या. तासभर. दुधवाल्याने ओळखलं आणि घरी आणून सोडलं.

सर म्हणाले, पैशांचं नाही हो डॉक्टर. मी भरले असते. पण कार्डाचा नंबर टाकायचं पान आमच्या जुन्या मशीनवर उघडतच नाही.

बायकोने काकूंना आणखी कापूस आणायला पाठवलं. कापूस माझ्या खोलीत असतो. काकूंनी दार उघडलं तेव्हा मी दारामागे उभा होतो. हातात कोणाचा तरी खालचा जबडा. कधी उचलला, आठवत नाही. काकूंनी कापूस घेतला आणि दार पूर्ण लावलं नाही. मी फटीतून सरांचे बूट बघितले. पॉलिश केलेले होते. माझ्याकडे यायचं म्हणून केले असणार.

दुपारी ३:००

बायको आत आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, त्यांच्याकडून दाढेची फी घेतली नाही. मी म्हणालो, बरं केलंस. ती म्हणाली, मी त्यांना सांगितलं नाही की तू माझा नवरा आहेस. मला लाज वाटली.

आणि पुढच्या पेशंटसाठी हात धुवायला गेली.

मंगळवार, १८ मार्च

कुलूप काढलं. सगळ्यांचं. किती वेळ लागेल कोण जाणे म्हणून सकाळीच सगळी कामं बाजूला ठेवली होती. चार ओळी होत्या. चहा गार व्हायच्या आत झालं.

सरांच्या मशीनवर नेट धड चालत नाही म्हणून त्यांच्यासाठी पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत केली. कुरियरने पाठवावी का? सध्या कुरियरचं काही खरं नाही. स्वतः जावं, हे उत्तम. पण आज नको, आज मंगळवार, गर्दी असते. कसली, ते माहीत नाही.

बुधवार, १९ मार्च

माफी कशी मागायची ते लिहून काढलं. चौथा खर्डा. पहिल्यात बाजाराची परिस्थिती दीड पान होती. दुसऱ्यात स्पर्धा. तिसऱ्यात माझं बालपण. चौथा चांगला झालाय: ‘सर, परवा मी आतच होतो. तुम्हाला दोन तास बसवलं. तांत्रिक कारण नव्हतं. चूक माझी.’ एवढंच म्हणायचं. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा ‘परवा मी आतच होतो’ इथे खोकला आला. हवा बदललीय.

शुक्रवार, २१ मार्च

उद्या नक्की. काकूंनी न विचारता सरांचा पत्ता कार्डावर लिहून माझ्या कीबोर्डवर ठेवला.

रविवार, २३ मार्च. सकाळी १०:००

काल गेलो. आहे तसं लिहितो.

दार सरांनीच उघडलं. मी म्हणालो, मी ‘पायवाट’वाला. ते इतके आनंदले की मला बसायलाही सुचेना. बायकोला हाक मारली, अगं, हे बघ कोण आलंय, स्वतः आलेत! त्या बाहेर आल्या. बारीक चणीच्या, हसऱ्या. सरांनी त्यांना सांगितलं, तुझी गल्ली ज्याच्यात केली ना, ते यांनी बनवलंय.

मी पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडली. निळं फाटक दिसलं, मेहुणीचं घर दिसलं. झाडं तर इतकी सुंदर मांडली होती, सहा वर्षांत मला स्वतःला तशी मांडता आलेली नाहीत. सर म्हणाले, वा, वा. पण भिंतीवर दुसरंच काही होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलींनी काढलेला तोच रस्ता. फाइल बंद पडल्यावर सरांनी आठवड्यात हाताने काढला. घडी करून पिशवीत ठेवायला एक छोटी प्रतही. त्या म्हणाल्या, हाच बरा पडतो हो मला, रस्त्यात उभं राहून बघता येतो.

आता बोलायची वेळ आली होती. मी म्हणालो, सर, परवा... आणि खोकला आला. सर म्हणाले, नाही नाही, तुम्ही काही बोलू नका, माझंच चुकलं. तुमचं ते आनंदाच्या बातमीचं पत्र मी नीट वाचलं नसणार. उगाच तुमच्या माणसांना त्रास दिला, दवाखान्यात दोन तास जागा अडवली. माफ करा.

आणि मी म्हणालो, असू दे सर. होतं असं.

हे शब्द माझ्या तोंडून गेले. सरांनी हात जोडले, मीही जोडले. चौथा खर्डा खिशातच होता.

निघताना बसस्टॉप कुठे म्हणून विचारलं. सर उठायला लागले. त्यांच्या बायको म्हणाल्या, तुम्ही बसा, मी सोडते यांना. सरांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसले. खिडकीतून बघत राहिले असणार.

आम्ही चाललो. पहिल्या वळणाला त्यांनी कागद बघितला. दुसऱ्या वळणाला थांबल्या. कागद काढला नाही. डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि डावीकडे वळल्या. मी श्वास सोडला तो त्यांना ऐकू गेला असावा, कारण त्या हसल्या. बसस्टॉप समोरच होता.

मग त्यांनी विचारलं, हे कॉम्प्युटरचं झालं, पण तसे तुम्ही करता काय?

सहा वर्षांत हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेलाय आणि दर वेळी मी ‘संस्थापक’पासून सुरुवात केलीय. काल म्हणालो, दातांच्या दवाखान्यात असतो.

त्या म्हणाल्या, अगोबाई, म्हणजे डॉक्टर! आणि रस्त्यातच तोंड उघडून बोटाने मागची एक दाढ दाखवली. गार पाणी लागतं म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं. म्हणालो, सोमवारी या, सरांना घेऊन या, माझी बायको बघेल.

म्हणजे उद्या. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती स्वयंपाकघरात आहे, तिसऱ्यांदा विचारतेय, कालचं काय झालं. उठतो.