मामावर गेलेली मुलगी

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे. मत्सर वगैरे काही नाही.

काल सासूबाई आल्या होत्या. चपला काढायच्या आधीच मुलीची हनुवटी धरून म्हणाल्या, अगदी मामावर गेलीय गं बाई! दहा वर्षं हेच ऐकतोय. उंची मामाची, केस मामाचे, गालावरची खळी मामाची, डावखुरी आहे तीही मामासारखीच. मी सहज विचारलं, आणि माझं काय घेतलंय? सासूबाईंनी मुलीला बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाल्या, आडनाव.

मामा म्हणजे माझा मेहुणा. दातांचा डॉक्टर. उंची पाच फूट अकरा. मी टेलर असल्यामुळे त्याचे शर्ट मीच शिवतो, त्यामुळे आकडा पक्का आहे. माझ्या उंचीचा इथे संबंध नाही.

शाळेत पुढच्या महिन्यात 'मी कोणावर गेले?' असं प्रदर्शन आहे. तक्त्याच्या मधोमध स्वतःचा फोटो, शेजारी ज्याच्यावर गेलो त्याचा मोठा फोटो. मुलीने मामाकडून फोटो आणूनसुद्धा ठेवलाय. अजून चिकटवलेला नाही. म्हणजे चान्स आहे.

संकल्प: वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी संध्याकाळी 'आनुवंशिकतेची ओळख' असा सहा आठवड्यांचा वर्ग सुरू होतोय. नाव नोंदवलं. त्या फोटोच्या जागी माझा फोटो लागणार, तोही शास्त्राच्या जोरावर.

३ सप्टेंबर. रात्री ८.

पहिला वर्ग झक्कास. शिकवायला रिटायर्ड प्रोफेसर बाई आहेत. मुलाला निम्मी जनुकं आईकडून, निम्मी बापाकडून. मी हात वर करून विचारलं, मामाकडून किती? बाई म्हणाल्या, थेट काहीच नाही. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पुढे बाई म्हणाल्या की आई आणि मामा एकाच आईबापांची मुलं, त्यामुळे आईमार्फत मामासारखं बरंच काही येऊ शकतं. ही पुस्ती जोडायची काही गरज नव्हती. मी वहीत पहिलंच वाक्य उतरवून घेतलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, माझ्या निम्म्याचा हिशोब लागला, अहो, पण तुमचं निम्मं कुठे सांडलं?

१० सप्टेंबर.

मेहुणाही वर्गाला आला! बायकोनेच त्याला सांगितलं म्हणे, तेवढाच विरंगुळा. विरंगुळा! बरोबर माझ्यापुढच्या खुर्चीत बसला. फळ्याचा डावा अर्धा भाग मला दिसला नाही, त्यामुळे त्या भागातलं काही मला आलं नाही तर जबाबदार कोण हे सांगायला नको.

आजचा विषय: प्रभावी आणि अप्रभावी गुण. अप्रभावी गुण एखाद्या पिढीत दिसतच नाहीत, आत लपून असतात. ऐकून जीव भांड्यात पडला. माझे गुण तेच. सज्जन माणसाचे गुण असे पुढे पुढे करत नाहीत. बाई असंही म्हणाल्या की प्रभावी म्हणजे चांगला नव्हे आणि जास्त लोकांत आढळणाराही नव्हे. हे मेहुण्याने लिहून घेतलं का बघितलं. घेतलं होतं. अक्षरसुद्धा चांगलं आहे लेकाचं. डॉक्टरला शोभत नाही.

१२ सप्टेंबर. दुपारी, दुकानात.

मेहुण्याला जिभेची नळी करता येते. मुलीलाही येते. बाई म्हणाल्या होत्या की पूर्वी हे एकाच जनुकाचं काम समजत, पण ते तितकं सरळ नाही, काहींना सरावानेही जमतं. म्हणून ट्रायल रूमच्या आरशासमोर सराव केला. एका बाईंनी ब्लाउज घालून बघायला पडदा सरकवला. मी जीभ बाहेर काढून उभा. त्या ब्लाउज तिथेच टाकून गेल्या.

१७ सप्टेंबर.

बाईंनी गृहपाठ दिला. एकाच वस्तीतल्या माणसांत किती फरक असतात, दोन वस्त्यांत किती, हे आपापल्या कामातून शोधून आणा.

हसू आवरेना. माझ्याकडे तीस वर्षांच्या मापाच्या वह्या आहेत! बाप, लेक, नातू, सगळ्यांची छाती, खांदा, बाही. मेहुण्याकडे काय, लोकांचे दात. त्यातले निम्मे त्यानेच उपटलेले.

२३ सप्टेंबर.

सहा रात्री जागून आकडेमोड केली. तीन गिऱ्हाइकांचे कपडे राहिले, पण निष्कर्ष थरारक आहे. आमच्या गल्लीतल्या मुलांचे हात मेहुण्याच्या कॉलनीतल्या मुलांपेक्षा सरासरी दोन इंच लांब! आणि आमच्याकडच्या बापांच्या कमरा त्यांच्यापेक्षा बारीक. थोडक्यात, आमचा वाण सरस. मुलगी उंच आहे ती आमच्या गल्लीमुळे. उद्या मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मोठा तक्ता केलाय, दोन रंगांत.

२४ सप्टेंबर.

तब्येत बरी नाही. थोडक्यात लिहितो.

माझं भाषण उत्तम झालं. शेवटी बाईंनी विचारलं, बाहीचं माप नेमकं कसं घेता? मी सांगितलं, आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, वाढत्या अंगाचं शिवा, दोन वर्षं चालला पाहिजे. म्हणून मुलांची बाही दोन इंच जास्तच लिहायची. कॉलनीवाल्यांना अंगाबरोबर फिटिंग लागतं. आणि कमरेचं? गल्लीतल्या बापांचं मन राखायला एखाद इंच कमी लिहितो, कपडा मात्र खऱ्या मापानेच कापतो.

सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आमच्या गल्लीतला पोस्टमन म्हणाला (तोही वर्गाला येतो), तरीच! आमच्या पोराचं बोट अजून शर्टाबाहेर आलेलं नाही. वर्ग हसला. मेहुणा हसला नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाला, भावोजी, मेहनत मात्र जबरदस्त. हसला असता तर बरं झालं असतं.

बाई म्हणाल्या, माहिती फार छान आहे, पण ही मुलांच्या हातांची नाही, आईबापांच्या काटकसरीची आहे. मग त्यांनी मोठ्यांच्या खांद्यांचे आकडे घेतले, कारण ते मी खरे लिहितो. दोन वस्त्यांच्या सरासरीत फरक जेमतेम बोटभर. एकट्या आमच्या गल्लीतल्या माणसामाणसांत मात्र वीतभर. वस्त्यांची भांडणं लावू नका म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

मेहुण्याने आईबापांच्या आणि मुलांच्या दातांचे चाळीस साचे आणले होते, प्रत्येकावर चिठ्ठी. बाईंनी एकेक हातात घेऊन 'वा' म्हटलं. मला 'छान' म्हणाल्या होत्या. 'वा' आणि 'छान' यात काय फरक असतो ते मला कळतं. बाईंची दाढ दुखते असं मी ऐकलंय. यावरून काय ते समजावं.

१ ऑक्टोबर.

वर्गाला गेलो नाही. घरीच संशोधन. मुलगी झोपली असताना तिची करंगळी मापली. वरचं पेर किंचित आत वळलेलं, हुबेहूब माझ्यासारखं! धावत बायकोला दाखवलं. तिने पीठ लागलेला हात पुढे केला. तिचीही तशीच. मग म्हणाली की तिच्या भावाचीही तशीच आहे. विचारलं नव्हतं.

८ ऑक्टोबर.

परीक्षा. मेहुणा पहिला. सर्टिफिकेट मिळालं, टाळ्या मिळाल्या. मी गर्दीत होतो म्हणून अभिनंदन करायचं राहिलं. गर्दी म्हणजे अकरा माणसं.

पेपर फारच सोपा होता. अवघड असता तर मीच पहिला आलो असतो. जेवताना हे घरी नीट समजावून सांगितलं.

१० ऑक्टोबर.

शाळेचं प्रदर्शन. मुलीच्या तक्त्यावर मामा. भलामोठा, खळीसकट. मी खाली कोपऱ्यात, कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, एक कान गायब. रोज हिला शाळेत मी सोडतो, हिचा प्रत्येक फ्रॉक मी शिवलाय.

मुलीचा दुसरा नंबर आला. पहिली तिच्याच बाकावरची मैत्रीण. परतताना मुलगी म्हणाली, बाबा, तिच्या वडिलांचं प्रिंटिंगचं दुकान आहे, म्हणून. आणि परीक्षक तिच्या बिल्डिंगमध्ये राहतात. आणि विषयच सोपा होता, अवघड असता ना, तर मीच आले असते.

मी रस्त्यात उभा राहिलो. अंगावर काटा आला. तोच सूर, तोच ओठांचा मुरका! सापडलं! घरी शिरताच ओरडलो, अगं, ही माझ्यावर गेलीय! बायकोला सगळं सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती सरळ आत गेली.

१२ ऑक्टोबर.

मिठाईचा पुडा घेऊन बाईंच्या घरी गेलो. शोध सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे जनुकांतून आलेलं असेल असं मला नाही वाटत. घरात रोज जे कानावर पडतं ते मूल उचलतं. उचललेलं खाली ठेवता येतं, पण आधी मोठ्यांनी ठेवावं लागतं. चहा दिला. मिठाई घेतली नाही, दाढ दुखते म्हणाल्या. खरंच दुखत होती. गाल सुजलेला होता.

चालत घरी आलो. जन्मतः मिळालं ते सगळं तिकडचं आणि सगळं चांगलं. मी स्वतः दिलेली एकच गोष्ट, तीही रोज जेवताना, घासागणिक भरवलेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.

मुलीला सांगितलं, मैत्रिणीकडे जाऊन तिचं अभिनंदन कर. तिने विचारलं, तुम्ही मामाचं केलंत?

संकल्प: दोघांनी मिळून जायचं. आधी मामाकडे, मग मैत्रिणीकडे. शर्टाला इस्त्री केली. वाक्य पाठ केलं: मेहुणेबुवा, अभिनंदन, अगदी मनापासून. मुलीने माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतलं. 'मनापासून' नीट येत नाही म्हणाली. सातव्यांदा आलं.

१३ ऑक्टोबर. संध्याकाळी.

मेहुण्याने दार उघडलं, या भावोजी म्हणत मिठीच मारली. समोरच्या भिंतीवर सर्टिफिकेट, सोनेरी फ्रेममध्ये. मुलीने माझा हात दाबला. मी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि म्हणालो, फ्रेम जरा डावीकडे कललीय.

मुलीने माझ्यासारखाच एक डोळा मिटून बघितलं. म्हणाली, हो, अर्धा इंच.

मी खिशातून टेप काढून लावली. बरोबर अर्धा इंच. ऊर भरून आला. लाजही वाटली, पण ती नंतर.

मैत्रिणीकडे जायचं राहून गेलं.